भिंतीला गेलेला तडा रिश्टरमध्ये मोजत नाहीत

प्रश्न वसमत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: "१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ रिश्टरचा धक्का बसला. आमच्या जुन्या दगडी घराच्या कोपऱ्याला तडा गेला. पंचनाम्यात 'किरकोळ' एवढंच लिहिलं. किती रिश्टरला घर पडतं? किल्लारीचा भूकंपही सहाच्या आसपासच होता म्हणतात, मग तिथं एवढी माणसं कशी गेली? जपानात सातचा झाला तरी लोक दुसऱ्या दिवशी कामाला जातात. नुकसान मोजतात तरी कसं?"

"किती रिश्टरला घर पडतं" याला उत्तर नाही. उत्तर टाळायचं म्हणून म्हणत नाही, प्रश्नच दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीत बांधतो. रिश्टरचा आकडा भूकंपाचा असतो, घराचा नसतो. तुमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटार आहे, हे एकदा सांगितलं की झालं, ती घरी पाच आणि शिवारात तीन होत नाही. पण शेवटच्या वाफ्यात पाणी किती पोचलं, हे पाइपलाइन किती लांब आहे, कुठं गळते आणि मधली जमीन कसली आहे यावर ठरतं. आणि पाणी पोचल्यावर पीक जगलं की नाही, हा तिसराच हिशोब. भूकंपातही हे तीन हिशोब वेगवेगळे आहेत: भूकंपाचं परिमाण, गावात जाणवलेली तीव्रता आणि घराचं नुकसान. बातमीत पहिला येतो, पंचनाम्यात तिसरा, आणि मधला बहुतेकांना ठाऊकच नसतो.

पहिला लवकर उरकतो. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी ही मापनपद्धत काढली. मोठ्या भूकंपांना ती पुरत नाही, म्हणून आता जमिनीखालचा किती मोठा पृष्ठभाग किती सरकला आणि तिथला खडक किती ताठ आहे, यावरून परिमाण काढतात. लोक तरीही 'रिश्टर'च म्हणतात, म्हणू द्या. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की हा आकडा साध्या चढणीने वाढत नाही. एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन वाढले की हजार पट. तुमचा ४.५ आणि १९९३ च्या किल्लारीचा ६.२ यांत दीड-पावणेदोनचाच फरक दिसतो, पण ऊर्जेचा हिशोब केला तर किल्लारी साडेतीनशे पट मोठा होता. म्हणून "थोडक्यात वाचलो, अजून दीडने वाढला असता तर" असं जे पारावर बोलतात, त्यातलं 'थोडक्यात' सोडून द्या.

आता उलट बाजू बघा. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाचं परिमाण ७.७, म्हणजे ऊर्जा किल्लारीच्या पावणेदोनशे पट. सरकारी आकड्यानुसार तिथं १३,८०५ माणसं गेली, किल्लारीच्या भूकंपात ७,९२८. ऊर्जा पावणेदोनशे पट आणि मृत्यू दुप्पटही नाहीत. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात ६.७ चा भूकंप झाला. तो आपल्यापेक्षा मोठा, भरवस्तीखाली, आणि तोही पहाटेच. तिथं साठच्या आसपास माणसं गेली. या तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या, की आकड्यावरून नुकसान काढता येत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

जपानबद्दल मात्र तुमची समजूत थोडी दुरुस्त करतो. १७ जानेवारी १९९५ ला कोबे शहरात ६.९ चा भूकंप झाला आणि ६,४३४ माणसं गेली. त्यातली बहुतेक जुन्या लाकडी घरांखाली सापडली. त्या घरांवर मातीच्या थरात बसवलेली जड कौलं होती. डोक्यावर जड छप्पर आणि खाली आडवा धक्का न पेलणाऱ्या भिंती. आपल्याकडच्या माणसाला हे वाचून माळवद, म्हणजे जुन्या घरांवरचं मातीचं सपाट छत, आठवल्याशिवाय राहत नाही.

माळवदावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं तिथंच आहे.

१९९३ साली मी नोकरीत नवाच लागलेला कनिष्ठ अभियंता होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. काही दिवसांनी आम्हाला औसा आणि उमरगा तालुक्यांत घरांच्या पाहणीला पाठवलं. पाऊस चालू होता. हातात छापील तक्ते होते: घराचा प्रकार, खोल्या, भिंती, छत, नुकसान. पहिल्याच गावात तक्ता भरता येईना, कारण घर कुठं संपतं आणि गल्ली कुठं सुरू होते हेच कळत नव्हतं. सगळा दगडमातीचा एकच ढीग. शेवटी तिथल्याच एका म्हाताऱ्याला बरोबर घेतलं. तो ढिगावर उभा राहून सांगायचा, "ही आमची ओसरी. हे बळद. इथनं पुढं भावकीचं." आम्ही तसं लिहायचो.

आपल्या भागातली जुनी भिंत दोन-अडीच फूट जाडीची असते, वाड्याची तर चार-पाच फुटांचीही. बघणाऱ्याला वाटतं, किल्लाच. पण ती एक भिंत नसते. आतून एक आणि बाहेरून एक अशा दगडांच्या दोन पातळ भिंती, आणि मध्ये चिपा, गोटे, चिखल कोंबलेला. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा, आरपार जाणारा दगड घालायचा असतो. तो घडवायला वेळ लागतो, पैसे लागतात, म्हणून गाळला जातो. जमीन आडवी हलली की मधला भरणा खाली बसतो, दोन्ही अंगांना पोट सुटतं, आणि बाहेरचं अंग गल्लीत, आतलं अंग अंथरुणावर. ढिगाऱ्यात मी असे कोपरे पाहिले, जिथं दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्याच नव्हत्या, फक्त शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या. त्यात देवळ्या, कोनाडे आणि धान्याची बळदं भिंतीच्या पोटातच कोरलेली.

वर माळवद. तुळया, त्यावर फळ्या किंवा फाटे, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहतं, ही त्याची मोठीच सोय. पण दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती पडते आणि जुनी कोणी काढत नाही. आजोबांनी टाकलेली, बापाने टाकलेली आणि आपण टाकलेली, असा थर दोन फुटांवर जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे साधारण नऊ टन, आणि पावसात भिजली की जास्त. जमिनीने गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्श्याइतका जरी आडवा हिसका दिला, तरी त्या खोलीच्या माथ्यावर पावणेदोन-दोन टनांचा आडवा रेटा येतो, आणि तो पेलायला खाली काय, तर चिखलात बसवलेले गोटे.

इथं एक बारकावा आहे, जो तेव्हा घाईत अनेकांच्या नजरेतून सुटला. खणांची घरं, म्हणजे ज्यांत माळवदाचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर असतो, त्यांतली बरीच वेगळी वागली. भिंती पडल्या, पण तळखड्यावरचे, म्हणजे बुडाच्या दगडावर टेकलेले खांब आणि वरचं छत उभं राहिलं. भिंत बाहेर पडली तर आतली माणसं वाचली. जिथं माती फार झाली होती किंवा खांब-तुळयांचे सांधे सैल झाले होते, तिथं मात्र तेही पत्त्यांसारखे मिटले. आणि गावाच्या कडेला कुडाची, गवताची छपरं होती, ती तशीच उभी. ज्याच्याकडे वाडा होता तो गाडला गेला आणि ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो वाचला, असं त्या गावांतून अजूनही ऐकायला मिळतं. सरसकट ते खरं नाही, पण अभियंता म्हणून मी ते खोडूनही काढणार नाही.

मातीच्या छताचा आणखी एक भयानक गुण आहे. काँक्रीटचा स्लॅब पडला तर तिरका अडकून खाली पोकळी राहू शकते. माती पोकळी ठेवत नाही, ती भरून टाकते. म्हणून ढिगाऱ्याखाली माणूस फार वेळ टिकला नाही. घरांचं नुकसान सारखंच लिहिलं असलं तरी माणसांचं नुकसान सारखं का नसतं, त्याचं एक कारण हे आहे. दुसरं कारण वेळ. हाच धक्का दुपारी बसला असता तर गावं तेवढीच पडली असती, पण माणसं शिवारात असती.

आता मधला हिशोब, तीव्रतेचा. आपल्याकडे बारा पायऱ्यांचं एमएसके मापन वापरतात. मेदवेदेव, स्पॉनहॉयर आणि कार्निक या तिघांनी ते १९६४ साली मांडलं. यात यंत्र नाही, माणूस आणि घर हीच यंत्रं. झोपलेले जागे झाले का? मांडणीवरची भांडी पडली का? उभं राहता आलं का? विहिरीचं पाणी गढूळलं का? मग घरांचे तीन प्रकार करतात. 'अ' म्हणजे गोटे-चिखलाची किंवा कच्च्या मातीची, 'ब' साध्या विटांची, 'क' काँक्रीटची किंवा नीट बांधलेली लाकडी. प्रत्येक घराच्या नुकसानीला एक ते पाच श्रेणी. पहिलीत गिलाव्याला केसासारखे तडे. दुसरीत भिंतीला बारीक तडे आणि गिलाव्याचे पापुद्रे पडलेले. तिसरीत भिंतींना मोठे, खोल तडे. चौथीत भिंतीत भगदाड, घराचा एखादा भाग पडलेला. पाचवीत घर भुईसपाट. त्यानंतर मोजणी. 'थोडी' घरं म्हणजे शेकडा ५, 'बरीच' म्हणजे शेकडा ५०, 'बहुतेक' म्हणजे शेकडा ७५. या गावात 'अ' प्रकारच्या किती घरांची चौथी श्रेणी झाली, 'ब'च्या किती घरांची दुसरी, हे जुळवून त्या गावाची पायरी ठरते. सारख्या पायरीच्या गावांभोवती नकाशावर रेघ ओढली, की भूकंपाने कुठं किती हलवलं ते दिसतं.

कागदावर हे सोपं दिसतं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी या पट्ट्यात ते अडलं. कारण जवळजवळ सगळी घरं 'अ' प्रकारची होती आणि ती सगळीच पडली होती. एकदा शंभरातली शंभर पडली, की हलणं आठव्या पायरीचं होतं की नवव्या, हे ती घरं सांगू शकत नाहीत. वीस किलोच्या वजनकाट्यावर पोतं ठेवल्यासारखं आहे. काटा टोकाला जाऊन टेकतो आणि पोतं वीसचं की पन्नासचं ते कळत नाही. वृत्तपत्रांतले फोटो पाहून पुष्कळांनी वरची पायरी धरली. आम्हाला शिकवणारे ज्येष्ठ मात्र म्हणायचे, पडलेलं बघू नका, उभं राहिलेलं बघा. ढिगाऱ्याच्या मधोमध सिमेंटच्या जुडाईची विटांची एखादी शाळा तडे जाऊन उभी असायची, नाहीतर एखादं काँक्रीटचं दुकान, फक्त गिलावा निघालेलं. तीव्रतेचं खरं मोजमाप तिथं मिळायचं. सर्वाधिक तीव्रता आठ धरायची की नऊ, यावर जाणकारांत मतभेद राहिले. माझं मत आठचं आहे. नववी असती तर त्या शाळा तशा उभ्या राहिल्या नसत्या.

यंत्राची नोंद असती तर हा वादच उरला नसता. पण मुख्य धक्क्याच्या जवळ जमिनीचा हिसका नोंदवणारं एकही यंत्र नव्हतं. ठेवणार कोण? भूकंपाच्या नकाशावर तेव्हा हा भाग पहिल्या विभागात, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या रंगात होता. दख्खनचा कातळ हलत नाही, अशी सगळ्यांची खात्री. खरं तर १९९२ मध्येच किल्लारीत छोटे धक्के बसत होते, लोक काही काळ अंगणात झोपलेही. मग सवय झाली. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीत खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला आणि खाली कितीतरी जुना खडक लागला. मुळात वरच्या कातळाची जाडी ही सुरक्षिततेची हमी नव्हतीच. २००२ च्या सुधारणेत हा भाग तिसऱ्या विभागात आला.

तिसरा हिशोब नुकसानीचा, आणि इथं मोजणारा आणि मोजलेला एकमेकांकडे संशयाने बघतात. १९९३ नंतर ५२ गावं दुसरीकडे वसवली, २२ गावं जागेवर पुन्हा बांधली, आणि तेरा जिल्ह्यांत पसरलेल्या हजारो गावांत घरांच्या दुरुस्तीला पैसे दिले. गाव कोणत्या गटात जाईल हे पडलेल्या घरांच्या टक्केवारीवर ठरत होतं. साधारण सत्तर टक्क्यांच्या वर गेलं तर नवं गाव. मग 'पडलेलं' कशाला म्हणायचं? एका गावात मी एका घराला चौथी श्रेणी दिली, कारण पुढची भिंत गेली होती पण खणांचा सांगाडा शाबूत होता. घरमालक म्हणाला, "साहेब, आम्ही यात पुन्हा झोपणार नाही. मग हे पडलेलंच की." तक्त्यात भीतीचा रकाना नव्हता. मी चौथीच ठेवली. आज ठेवली नसती असं म्हणणार नाही, पण त्या माणसाचं म्हणणंही चूक नव्हतं. ज्या गावांत दुरुस्तीचे पैसे मिळाले, तिथं पुष्कळांनी जुन्या घराला हातच लावला नाही, शेजारी एक नवी खोली बांधली. नुकसानीचा आकडा पूर्ण चुकता झाला आणि जुनं माळवद तसंच राहिलं. सामान, दाणे आणि उन्हाळ्यातली दुपारची झोप पुन्हा त्याच्याचखाली.

शिवाय जे मोजलं जातं तेच नुकसान ठरतं. १५,८५४ जनावरं मेली, ही नोंद आहे. पेवांतलं आणि बळदांतलं धान्य मातीत मिसळलं, त्याचा हिशोब मी तरी कुठं पाहिलेला नाही. विहिरींचे कठडे आणि आतली बांधकामं ढासळली, ती घराच्या तक्त्यात बसत नव्हती. मृतांच्या बाबतीत सरकारी आकडा ७,९२८ आणि बोलण्यातला दहा हजार. भर पावसात, मिळेल त्या तुळया आणि दारं जाळून एकत्र अंत्यसंस्कार झाले होते. अशा वेळी दोन आकड्यांत अंतर पडलं तर त्याचं नवल वाटू नये.

आता तुमचा तडा.

४.५ च्या धक्क्याची केंद्राजवळची तीव्रता पाचव्या, फार तर सहाव्या पायरीची असते. तेवढ्याने चिखलाच्या जुडाईतल्या घराला पहिली, क्वचित दुसरी श्रेणी येते. म्हणजे पंचनाम्यातला 'किरकोळ' हा शब्द श्रेणीच्या दृष्टीने बहुधा बरोबर आहे. तुमच्या धक्क्याच्या वेळच्या, म्हणजे २०२४ च्या मदतीच्या निकषांत अंशतः पडझडीलाही किमान १५ टक्के नुकसान लागत होतं, एका तड्यात ते बसत नाही. पण 'किरकोळ' म्हणजे 'धोका नाही' असा अर्थ घेऊ नका. पंचनामा झालेलं नुकसान मोजतो, पुढचं मोजत नाही.

आधी तडा भूकंपाचाच आहे का ते बघा. तुमच्याकडे काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि त्याने घराला वर्षानुवर्षं तडे जातात. जूनचे दोन-तीन पाऊस पडून माती फुगायला लागली की जुने तडे हलतात, आणि १० जुलै म्हणजे नेमका तोच काळ. बॅटरी घेऊन तड्याच्या आत बघा. आत धूळ, कोळ्याची जाळी किंवा चुन्याचा जुना हात दिसला तर तडा भूकंपाच्या आधीचा. कडा ताज्या, स्वच्छ असतील तर नवा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा आणि मध्ये काचेची एक पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा. काच तडकली म्हणजे भिंत अजून हलते आहे. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असं एक वर्ष बघा. उन्हाळ्यात उघडून पावसात मिटत असेल तर दोष मातीचा आहे.

कोपऱ्यातला तडा उभा आहे की तिरका, हे तुम्ही लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. उभा असेल, वर रुंद आणि खाली बारीक, तर दोन भिंती एकमेकींपासून सुटत आहेत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेल्या तड्यापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. भिंतीला ओळंबा लावून बघा, मध्ये पोट सुटलं असेल तर त्या खोलीत झोपणं आजच बंद करा. भिंत हाताने थापटून आवाज ऐका. पोकळ आवाज येत असेल तर आत दोन्ही अंगं सुटली आहेत.

दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम कोणी करत नाही, कारण ते दिसत नाही: माळवदावरची माती उतरवणं. सहा इंच ठेवा, बाकी शेतात टाका. पांढरी माती आहे, वाया जात नाही. गळतीसाठी खाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरा. उतरवताना दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा, एकाच बाजूची आधी काढून भार कलता करू नका. मग कोपऱ्यांना आतून-बाहेरून वेल्डमेशची जाळी बांधून सिमेंटचा गिलावा, भिंतीत तीन-चार फुटांवर आरपार भोकं पाडून सळई घातलेले काँक्रीटचे दगड, आणि दारा-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग फिरणारा सळईचा पट्टा. हे काम पूर्वी केलेला गवंडी गाठा. औसा-उमरग्याकडे असे गवंडी अजून मिळतील, त्यातले काही आता साठीला आलेत.

आणि तडा नुसता सिमेंटने बुजवून वरून रंग मारू नका. मग पुढच्या वेळी तो नवा की जुना, हे मलाही सांगता येणार नाही.